जुन्या साच्यातला उंदीर

अष्टमी, रोहा
२० जानेवारी २०२५

रंभाताई, नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते म्हणून हसू नका. घरात कोणी फोन कानाला लावला की सुरभी कानांवर तळवे दाबून किंचाळते. ती शाळेत असते तेव्हा तुम्ही गणपतीच्या कारखान्यात मातीच्या हातांनी बसलेल्या असता, आणि मेसेज केला तर तुमचा साईराज आधी वाचतो. तुम्हीच दिवाळीत म्हणाला होतात, "लिहीत जा गो, मी वाचीन." म्हणून लिहिते.

तुमची भाची सध्या कठीण झाली आहे. डिसेंबरपासून स्वतःचं मनगट चावते. दुपारी जेवायला बसवलं की सुरू. परवा रक्त आलं. शाळेतून दोनदा बोलावणं आलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी प्रविणना जिन्यात गाठून सांगितलं, की मुलीला कुठेतरी "ठेवा". नऊ वर्षांच्या पोरीला ठेवायला ती काय सायकल आहे? पण प्रविण तसेच जिना चढून वर आले. रात्रपाळी करून आलेला माणूस कोणाकोणाशी भांडणार.

एक चांगली गोष्ट सांगायची आहे. पेणच्या शिल्पा मॅडम भेटल्या. ऑटिझमच्या मुलांचंच काम करतात. त्यांनी फार छान समजावलं. लोखंडाला हवेने गंज चढतो, तसा या मुलांच्या मेंदूला गंज चढतो, म्हणून ती चिडतात, चावतात. अँटिऑक्सिडंटची पावडर तो गंज काढते. रोज पेजेत एक पुडी. तुम्हाला माहीतच आहे, पेज, तांदळाची भाकरी आणि उकडलेला बटाटा सोडून ती कशाला तोंड लावत नाही. एक पुडी सोबत घातली आहे. तुमच्या ओळखीत कोणाला गरज असेल तर दाखवा.

तुमची,
अनिता

---

जोहे
२७ जानेवारी

चि. अनिता,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत. आधी नाकाचं सांगते. तुझं पाकीट फोडलं आणि आतल्या खोलीतून आमच्या ह्यांनी विचारलं, "रंभे, उंदीर मेला काय कुठं?" नासक्या अंड्याचा वास गो! पुडी मी परसात नेऊन पुरली, तरी हाताचा वास जाईना. आणि हे तू सुरभीच्या पेजेत घालतेस? जी पोर एसटी वळणावर यायच्या आधी डिझेलच्या वासाने नाक धरते, तिच्या? तुला स्वतःला वास येत नाही काय? का प्रविणच्या कपड्यांना केमिकलच्या प्लँटचा वास येऊन येऊन तुझं नाक मेलं?

आणि गंज कसला? पोरीचं डोकं म्हणजे काय पत्र्याची पेटी आहे? माझ्या भाचीला गंजकी म्हणणारी ही बाई कोण? डॉक्टर आहे? अलिबागला मोठ्या डॉक्टरांकडे तिचे कागद आहेत, त्यांना विचारलंस? मला या बोलण्याची शिसारी आली. गोड बोलून गळ्यात मारायची कला पेणच्या बाजारात मी लहानपणापासून बघते आहे.

दिवाळीत ती इथे आठ दिवस होती, तेव्हा एकदाही चावली नाही. मग मधे झालं काय? मला तर त्या शाळेतल्या नव्या बाईंचा संशय येतो. हात उगारत असणार. जाऊन बघ.

एक वाईट बातमी. सुरभीचा लाडका उंदीर गेला. गणपतीच्या पायाशी बसणारा, दोन्ही हातांत मोदक धरलेला, तो. त्याचा रबरी साचा दत्तजयंतीच्या सुमारास फाटला. नव्या साच्यातला उंदीर हात जोडून बसतो. आता ती आली की रुसणार. तिला आधीच सांगून ठेव, तिला अचानक बदललेलं चालत नाही.

रंभा

---

अष्टमी
१८ फेब्रुवारी

रंभाताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून पंधरा दिवस लिहावंसंच वाटलं नाही. पोर तुम्ही वर्षातून आठ दिवस बघता. बाकीचे दिवस मी बघते. तुमच्याकडे ती मातीत रमते, कारण तिथे तिला कोणी काही करायला सांगत नाही. इथे तिला शाळा आहे, जिना आहे, शेजार आहे.

शाळेत जाऊन आले. नव्या बाई बिचाऱ्या चांगल्या आहेत. उगाच कोणावर आळ घेऊ नका.

आणि पावडरीने फरक पडतोय. किंचाळणं कमी झालंय. दुपारी पडून राहते. जेवण थोडं कमी केलंय, पण मॅडम म्हणतात, शरीर आतून साफ होताना असं होतंच. त्या दर शनिवारी पेणला हॉलमध्ये सगळ्या आयांना बोलावतात. ताई, तिथे मी पहिल्यांदा अशा खोलीत बसले, जिथे माझ्याकडे वळून कोणी "मुलीला काय झालंय?" असं विचारलं नाही. तुम्हाला यातलं काय कळणार.

एक काम होतं. दिवाळीत तुमच्याकडे सुरभीचा व्हिडिओ काढला होता, उंदरांना पॉलिश पेपर मारून ओळीने मांडत होती तो. फोन बदलला त्यात आमच्याकडचा गेला. साईराजला परत पाठवायला सांगाल? फार बघावासा वाटतो.

अनिता

---

जोहे
२४ फेब्रुवारी

अनिता,

चुकलं माझं, शाळेच्या बाईंना उगाच शिव्या घातल्या. जीभच अशी, तुझ्या सासूबाईंकडून आली.

व्हिडिओ साईराजने पाठवला असेल. काल रात्री मीही बघितला. कशी गो बसलीय! जीभ जरा बाहेर, कपाळावर माती, आणि प्रत्येक उंदीर झाला की त्याच्या नाकाला नाक लावते. कोपऱ्यात माझा हात दिसतो, हिरव्या बांगड्यांचा. तुला बघावासा वाटला हे वाचून बरं वाटलं. मी म्हटलं, चला, हिचं मन अजून थाऱ्यावर आहे.

मे महिन्यात तिला पाठव. पण जेवण कमी झालंय, हे मला बरं वाटत नाही. दुपारी पडून राहणारी पोर नव्हे ती.

रंभा

---

जोहे
२० एप्रिल

अनिता,

दोन महिने तुझं पत्र नाही, म्हणून आज मीच लिहिते आहे.

आमच्याकडे माती मळायला भागी येते, वाडीवरची. तिचा नातू मंगळ्या पाच वर्षांचा झाला, बोलत नाही, नजर देत नाही. गुरुवारी ती मला म्हणते, "ताय, तुमचे सुरभीला गुन आला ना, मी पायला व्हिडिओ. आमचे मंगळ्याला पन चालू केला तो पावडर." मी हातातला ब्रश खाली ठेवला. मी विचारलं कुठे पाहिलास, तर म्हणते पेणला, हॉलात. तुमची सुरभी ओळखली म्हणूनच घेतला, नायतर आमी कशाला घेतो.

काल शनिवार. भागीला घेऊन मी गेले त्या हॉलात. हमरापूरच्या, आमच्या जोह्याच्या, मूर्तीच्याच कामातल्या चार-पाच बाया होत्या, बाकी अनोळखी. सगळ्यांच्या कडेवर, मांडीवर पोरं. तुझी ती शिल्पा मॅडम, इस्त्रीची साडी, गोड आवाज. पडद्यावर आधी लिहून आलं, "पूर्वी". आणि अनिता, आमची सुरभी! रोह्याच्या एसटी स्टँडवर जमिनीवर लोळते आहे, फ्रॉक वर गेलेला, तोंडाला फेस, लोक गोल करून उभे. पन्नास बायकांसमोर! कोण तो हलकट, जो पोर तशी लोळत असताना तिला उचलायची सोडून मोबाईल धरून उभा राहिला?

मग आलं, "तीन महिन्यांनंतर". आणि माझा व्हिडिओ. माझा हात, माझ्या बांगड्या, सुरभी उंदीर मांडतेय. बाया टाळ्या वाजवायला लागल्या.

मी उठले. म्हटलं, "ओ बाय, हा व्हिडिओ कधीचा?" ती म्हणाली, याच महिन्यातला. तेवढ्यात मागून आमची हमरापूरची अक्काच ओरडली, "खोटं! हा तर जुना उंदीर! मोदकवाला! त्याचा साचा फाटून किती महिने झाले!" आमच्याकडच्या सगळ्या बाया हसायला लागल्या. त्या बाईला कळेचना, या उंदरावर काय हसतात. मी सांगितलं, ही माझी भाची, हा दिवाळीतला व्हिडिओ, तेव्हा तुमच्या पुडीचा वाससुद्धा तिला लागला नव्हता, आणि ती आमच्याकडे पहिल्यापासून अशीच बसते.

बाई काय म्हणाली ठाऊक आहे? जरासुद्धा न लाजता, हसून, "व्हिडिओ मुलीच्या आईनेच दिलाय, दोन्ही." मी तिच्या तोंडावर सांगितलं, "आमची अनिता असलं करायची नाय."

तुझ्या फोनातून यांनी चोरले असणार. प्रविणला घेऊन पोलिसांत जा. मी साक्षीला येते.

रंभा

---

अष्टमी
९ मे

रंभाताई,

पोलिसांत जायचं नाही. तो हलकट मीच.

मॅडम म्हणाल्या, आधीचं आणि नंतरचं दोन्ही लागेल, तरच बाकीच्या आयांना धीर येईल. आधीचं मी काढलं. स्टँडवर ती लोळत होती आणि मी पर्समधून फोन काढला. तिने माझ्याकडे हात केला होता. तो व्हिडिओत दिसतो, तुम्ही कदाचित बघितला नसेल. नंतरचं माझ्याकडे नव्हतंच, कारण नंतर काही बरं झालंच नव्हतं. म्हणून तुमचा मागवला. हॉलमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, ताई. अष्टमीत जिन्यात मला बघून लोक दार लावतात आणि तिथे मला स्टेजवर खुर्ची होती. दर शनिवारी मी तिथे असायचे. तुम्ही आलात त्याच शनिवारी मी नव्हते, कारण सुरभी पाण्याखेरीज काही घेत नव्हती.

तुम्हाला लिहिलं की किंचाळणं कमी झालं. अंगात जोरच उरला नव्हता तिच्या. आधी पेज सोडली. मग मी पावडर बटाट्यात घातली, तर बटाटा सोडला. भाकरीच्या पिठात घातली, तर भाकरी गेली. तिला जगात तीनच गोष्टी खाता येत होत्या आणि तिन्ही मी माझ्या हाताने नासवल्या. आता मी वाटी घेऊन गेले की ती भिंतीला चिकटते. प्रविणनी दिलं तर दोन घास घेते. माझ्या हातचं नाही. रिकामी वाटी दिली तरी फेकते.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात अलिबागला नेली. डॉक्टरांनी तिला परत काट्यावर उभी करून वजन बघितलं. त्यांनी पुडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. म्हणाले, अशा औषधांवर छोटे-छोटे अभ्यास झालेत, कुठे मुलांची चिडचिड थोडी कमी झाल्यासारखी वाटली, कुठे काहीच फरक नाही, खात्रीने सांगावं असं अजून हातात काही नाही. शिवाय या पुडीत नक्की काय, किती, ते हिच्यावर धड लिहिलेलंही नाही. आणि ऑटिझम धुऊन काढतो म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका, म्हणाले. मग विचारलं, चावणं कधीपासून? कुठल्या वेळेला? मी म्हटलं, जेवायला बसली की. तर त्यांनी बॅटरी घेतली आणि तिचं तोंड उघडायला लावलं. दोन नर्सनी धरली होती.

दाढ किडली होती. खाली हिरडीत पू. डिसेंबरपासून दुखत असणार. तिला सांगता येत नाही, म्हणून ती मनगट चावायची. ताई, पोरीची दाढ सडत होती आणि मी तिच्या मेंदूचा गंज काढत होते.

दाढ काढली. चावणं थांबलं. खाणं परत आलं नाही.

अनिता

---

जोहे
१३ मे

अनिता,

खोटं कशाला लिहू. तुझं पत्र वाचून मला तुझी किळस आली. दाढेचं नाही. दाढ कोणालाच कळली नाही. मीही शाळेच्या बाईंवर घसरले होते. पण पोरीने तुझ्याकडे हात केला आणि तू मोबाईल धरलास, हे वाचून मी कागद चुरगळून चुलीजवळ टाकला. मग परत उचलला. आणि त्या बाईला मी छाती ठोकून सांगितलं होतं, आमची अनिता असलं करायची नाय. पन्नास बायांत माझं नाक कापलंस, तेही असो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, तुला माहीत आहे. मूर्तीला चीर गेली तर तिच्यावर रंग मारून कोणी विकत नाही. कितीही घाई असो, किती गिऱ्हाइकं दारात उभी असोत. ती परत मातीत जाते, मळली जाते. तू रंग मारलास. आणि चीर सुरभीला नव्हतीच गो, ती तशीच पूर्ण होती.

आता ऐक. भागी अजून मंगळ्याला ती घाण देते आहे. मी सांगितलं तर म्हणते, "ताय, तुमचा आनि बाईंचा काय भांडान असेल, पन सुरभीच्या आयशीनं सांगितला ना." तिचा माझ्यावर विश्वास नाही, तुझ्यावर आहे. त्या पोराचं पोट बिघडलंय आणि ती म्हणते आतून साफ होतंय! तुझीच भाषा, बघ कशी पोचली वाडीवर.

तू ये. सुरभीला घेऊन ये. आणि भागीच्या दारात उभी राहून तुझ्या तोंडाने सांग. मी सोबत येणार नाही. माझ्या पदराआड लपून हे सांगायचं नाही. ते झालं की मग माझ्या घरात ये, जेवायला वाढते.

रंभा

---

जोहे
५ जून

अनिता,

सुरभीला माझ्याकडे सोडून तू गेल्यापासूनचं कळवते. भागीने सगळ्या पुड्या ओढ्याकाठी खड्डा करून पुरल्या. मला म्हणाली, "आयशीनं सांगितला तेवा तिचे डोळं खाली व्हते, म्हनून मी मानला." मंगळ्याला मी साईराजबरोबर अलिबागला त्याच डॉक्टरांकडे पाठवला. काय होईल ते होईल, निदान खरं कळेल.

सुरभी नव्या उंदरावर रुसली होती. तीन-चार दिवस त्याच्याकडे पाठ करून बसली. मग एक दिवस बघते तर तिने ओल्या मातीचे दोन बारके मोदक करून त्याच्या जोडलेल्या हातांवर चिकटवले होते. आता सगळ्यांना चिकटवते. ह्यांनी कपाळाला हात लावला, पण काढले नाहीत.

खाण्याचं असं आहे. पेज ठेवली की आधी नाक नेते. मग चमचा माझ्या तोंडाशी धरते. मी खाल्लं, गिळलं, तोंड उघडून दाखवलं की मग स्वतः एक घास. परत चमचा माझ्याकडे. दर घासाला. एवढीशी पोर, आणि माणसाची अशी झडती घ्यायला शिकली. कोणी शिकवलं ते तुला ठाऊक आहे. मला रोज राग येतो, आणि रोज मी तोंड उघडून दाखवते.

वजन थोडं भरलंय. तिला तुझी आठवण येते का, हे मला सांगता येत नाही. तुझी ओढणी इथे राहिली होती, ती तिने घडी करून उशीखाली ठेवली आहे. वास घेते अधूनमधून.

रंभा

---

अष्टमी
१६ जून

रंभाताई,

ओढणीचं मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या दोनदा वाचलं. प्रविणनी विचारलं काय झालं, तर त्यांना पत्रच वाचायला दिलं. सगळी दिली, पहिल्यापासून. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, पण परवा जिन्यात काकूंनी "मुलगी कुठे ठेवली?" विचारलं, तेव्हा चढ्या आवाजात म्हणाले, "आत्याकडे गेलीय, येईल."

शनिवारी रोहा स्टेशनवर पेणच्या गाडीची वाट बघत बसले होते. मॅडमच्या हॉलवर जाऊन त्या सगळ्या बायांसमोर सांगावं, असं ठरवलं होतं. बाकावर शेजारी एक बाई, मांडीवर साताठ वर्षांची मुलगी, हात फडफडवणारी. मी बघते आहे हे पाहून बाई बोलायला लागल्या. म्हणाल्या, तुमच्याकडे कोणी आहे का असं? मग हे बघा. आणि फोन पुढे केला.

आमची सुरभी. स्टँडवर लोळतेय. मग उंदीर मांडतेय. आता खाली दुसऱ्याच कुठल्या पावडरीचं नाव आहे. आवाज गाण्याचा घातलाय. कुठून कुठे गेलं ते मला कळतसुद्धा नाही, आणि ते परत कसं आणायचं तेही नाही.

मी म्हटलं, "ही माझी मुलगी. हिला काही गुण आलेला नाही. हिची दाढ दुखत होती. नंतरचा व्हिडिओ आधीचा आहे. त्यातला उंदीर जुन्या साच्यातला आहे." एका दमात बोलले सगळं, वेड्यासारखी. बाईंनी फोन मागे घेतला, मुलीला जवळ ओढलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या का?"

ताई, मला त्यांचा राग नाही आला. मी त्या खुर्चीवर बसून असंच बोलत होते. खरं बोलणारी बाई आता मलाही विकायला आल्यासारखीच वाटली असती.

तरी हॉलवर गेले. बोलले. मॅडमनी दिवे लावायला सांगितले आणि पुढच्या रांगेतल्या दोघींनी मला हाताला धरून बाहेर नेलं. तिघी-चौघी मागोमाग उठून आल्या. एवढ्याच. त्यांना अलिबागचा पत्ता दिला.

येत्या शनिवारी रात्री मी जोह्याला येते. रविवारी सुरभीसाठी पेज तुम्ही करू नका. मीच करीन, तिच्यासमोर बसून, तांदूळ निवडण्यापासून. भांडं, पाणी, मीठ, सगळं तिच्या हाताने मला देऊ दे. ती वाटी फेकेल. परत करीन. फेकली तर परत. आणि नाही फेकली, तर पहिला चमचा ती माझ्या तोंडाशी धरील. तुम्ही मधे पडू नका, तिला हसवू नका, "आई आहे गो तुझी" असं म्हणू नका.

मी खाईन, गिळीन आणि तोंड उघडून दाखवीन.

अनिता